शेवटच्या गाडीच्या हाती दांडा

खालचं टोक, ७ जानेवारी

वरच्या टोकाला जे कोणी पाटी धरून उभे असतील त्यांना,

हे पत्र लाल दांड्याला रबराने गुंडाळून पाठवतेय. रस्त्याच्या कामामुळे मध्ये एकच पदर उरलाय, म्हणून एका टोकाच्या शेवटच्या गाडीवाल्याकडे दांडा देतात आणि तो पोचला की दुसरं टोक गाड्या सोडतं; तसं हेही जाईल. वॉकीटॉकीवर सांगितलं असतं, पण मध्ये टेकडी आहे आणि त्यातून नुसती खरखर येते. मोबाईलला इथे रेंज नाही. आणि खरं सांगायचं तर आवाज आला असता तरी मी बोलले नसते. लोकांसमोर माझं तोंड उघडत नाही. साइटवर मला मुकी म्हणतात. पाटी धरायला बोलावं लागत नाही, एका बाजूला थांबा, दुसऱ्या बाजूला जा, म्हणून सुपरवायझर साहेबांनी मला घेतलं.

तर कालचं. मी शेवटची गाडी बघून अंडीवाल्याच्या टेम्पोत दांडा दिला. तो मधल्या रस्त्यावर, टेकडीच्या मागेच राहतो हे मला काय माहीत. तो दांडा घेऊन घरी गेला, जेवला, आडवाही झाला आणि उठल्यावर मग तुमच्याकडे आला. तोवर तुमच्याकडे दांडा पोचला नाही म्हणून तुम्ही गाड्या सोडल्या नाहीत. माझ्याकडे परत आला नाही म्हणून मी सोडल्या नाहीत. पन्नास मिनिटं मधला अडीच किलोमीटर रस्ता मोकळा पडलेला, आणि लोक हॉर्नवर हात ठेवून बसलेले. एक ट्रकवाला खाली उतरून म्हणाला, ताई, कोणाची वाट बघताय, समोरून कुत्रंसुद्धा येत नाहीये. तेवढ्यात एक कुत्रं आलं. तो आणखीनच चिडला.

एवढंच विचारायचं होतं की तुम्ही चालत येऊन बघितलं का नाही? मी आले नाही, कारण पाटी सोडायची नाही असं सांगितलंय.

– खालची


वरचं टोक, ७ जानेवारी

११.२२ ला दांडा मिळाला. पत्र मिळालं. टँकरवाल्याने वाटेत उघडून वाचलेलं होतं, मलाही वाचून दाखवायला लागला. मला वाचता येतं असं त्याला सांगितलं.

बाई, मलाही पाटी सोडायची नाही असंच सांगितलंय. दांडा ज्याच्या हातात, रस्ता त्याचा. दांडा नसताना गाडी सोडली आणि मध्ये समोरासमोर आल्या तर एका बाजूला खड्डा, दुसऱ्या बाजूला डोंगर. पन्नास मिनिटं गेली ती गेली.

यापुढे दांडा देताना विचारत जा, सरळ जाणार का मध्ये थांबणार. आणखी एक. सात मिनिटं तुमची, सात माझी, असं ठरलेलं आहे. तुमच्या गाड्या दहा-दहा मिनिटं येत राहतात. मी घड्याळ लावून बघतो.

– वरचा


खालचं टोक, ९ जानेवारी

वरचे काका,

मला बाई म्हणू नका, मी सतरा वर्षांची आहे.

विचारत जा म्हणालात. विचारायचं म्हणजे काच खाली करायला लावायची, आत चार माणसं, चौघं माझ्याकडे बघणार. म्हणून मी पुठ्ठ्यावर लिहिलंय, 'सरळ जाणार का? हो असेल तर मान हलवा.' लोक हसतात पण मान हलवतात. काल एका आजीबाईंनी बराच वेळ मान हलवली. नंतर कळलं त्यांची मान हलतेच.

दहा मिनिटांचं म्हणाल तर मी सात मिनिटांनी पाटी फिरवते. पाटी फिरवली तरी चार-पाच जण घुसतात. एक जण तर पाटीला आरसा घासून गेला आणि मलाच म्हणाला, आंधळी आहेस का. मी काय करू, आडवी पडू? तुम्ही म्हणे नुसते बघता आणि लोक थांबतात. डंपरवाले सांगतात, वरच्या म्हाताऱ्याने डोळे वटारले की ट्रकसुद्धा मागे सरकतो. हे कुठे शिकलात?

– खालची


वरचं टोक, ९ जानेवारी

३.०५.

पस्तीस वर्षं एकाच जागी उभा राहून लोकांना अडवायचंच काम केलं. सवय आहे.

पाटी फिरवायच्या अर्धा मिनिट आधी दोन पावलं रस्त्यात पुढे ये. आधी पाय, मग पाटी. गाडीवाला पाटी बघत नाही, माणूस बघतो.

– वरचा


खालचं टोक, १९ जानेवारी

काका,

आधी पाय मग पाटी, हे जमतंय. आता एखाद-दुसराच घुसतो.

पण मला एक सांगा, हा रस्ता होणार कधी? परवा डांबर टाकलं. काल फोनच्या केबलवाल्यांनी येऊन तेच खणलं. आज पाइपवाले आलेत आणि केबलवाल्यांशी भांडतायत. सुपरवायझर साहेब दोघांच्या मध्ये डोकं धरून बसलेत. दोनाचे चार पदर करायला घेतले आणि दोनाचा एक झाला. एक कारवाला मला रोज विचारतो, अजून किती दिवस? जसं काही घरी जाऊन मीच खणते.

रस्ता रुंद करायला पाहिजे होता हे मात्र खरं. इथला जाम मी दोन वर्षं बसमधून बघितलाय. आठवी आणि नववी. शाळा तुमच्या बाजूला, गावात. शाळेची वेळ सात दहा. बस कधी सात वीसला पोचायची, कधी पावणेआठला. सात दहाला गेट बंद. मग पहिला तास संपेपर्यंत बाहेर उभं राहायचं आणि नंतर उशिराची चिठ्ठी घेऊन वर्गात जायचं. दार ढकललं की पन्नास तोंडं एकदम वळायची. कोणी छडी मारली असती तर चाललं असतं. ती तोंडं नको व्हायची. एक दिवस गेट लागलेलं दिसलं आणि मी मागे फिरले, परतीच्या बसमध्ये बसले. आईला सांगितलं डोकं दुखतंय. मग रोजच डोकं दुखायला लागलं. आई दिवसभर शिलाई मशीनवर असते, तिने दोन डॉक्टर केले. डोक्यात काही सापडलं नाही.

आता आई म्हणते बाहेरून दहावीला बस. मी हो म्हटलंय. फॉर्म भरलाय. उगाच कोणाला सांगू नका.

– खालची

(सांगू नका लिहिलंय, पण दांडा आज स्कूटरवाल्याकडे द्यायचाय आणि तो आताच खांद्यावरून वाचतोय.)


वरचं टोक, २० जानेवारी

पत्र मिळालं. कडेला स्कूटरवाल्याने लिहिलं आहे, 'पोरी परीक्षा दे, मी पण बाहेरूनच दिली.'

परीक्षा दे. अभ्यासाला काय लागतं ते कळव.

कोणती शाळा, ते लिहिलं नाहीस. गावात दोन आहेत.

– वरचा


खालचं टोक, २१ जानेवारी

काका,

काल पहिल्यांदा पत्रावर वेळ टाकायला विसरलात. तब्येत बरी आहे ना?

शाळा म्हणजे पाण्याच्या टाकीजवळची, हिरव्या गेटची. अभ्यासाला जुन्या प्रश्नपत्रिका मिळाल्या तर बरं होईल. दुकानात मागायला गेले होते, पण तिथे गर्दी होती, परत आले.

– खालची


वरचं टोक, २५ जानेवारी

१०.१५.

सोबत पाठवलेल्या पिशवीत सहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका आहेत. एका ओळखीच्या माणसाकडे पडून होत्या. टँकरवाल्याला बजावलं आहे की पिशवी उघडायची नाही.

रोज एक सोडवायची. घड्याळ लावून.

– वरचा


खालचं टोक, ११ फेब्रुवारी

काका,

इतके दिवस चिठ्ठ्या नुसत्या दोन ओळींच्या पाठवल्या, राग मानू नका. डब्याच्या सुटीत पाइपवर बसून प्रश्नपत्रिका सोडवत होते. गणिताच्या चार झाल्या. तिसरीत नापास, चौथीत पास. तुम्ही मास्तर होता का? डंपरवाले म्हणतात तुम्ही शाळेत होता. आधी सांगायचं की. वर्तुळाच्या आकृत्या विचारल्या असत्या.

आता ऐका काय झालंय. काल हॉल तिकीट आलं. केंद्र कोणतं, तर तीच शाळा. हिरवं गेट. पहिला पेपर ४ मार्च, गणिताचा, अकराचा, गेट साडेदहाला बंद. पहाटेची बस या कामामुळे रद्द केलीय, म्हणजे साडेआठची. ती आपल्या या अडीच किलोमीटरात अडकणार. मला पेपरची भीती नाही. गेटची आहे.

तुम्हाला तो शिपाई माहीत असेल. आम्ही त्याला कुलूप म्हणायचो. आमच्या बसमधून आम्ही सात जण उतरायचो, सातही जणांना उशीर. बाकीचे सहा जण काका काका करायचे, उद्या नाही होणार, बस लेट होती, पोट दुखतंय, वाटेल ते. मग तो बाजूचं छोटं दार उघडायचा. मी सगळ्यात मागे. माझी पाळी आली की तो माझ्याकडे बघायचा, मी त्याच्याकडे बघायचे, आणि कडी लागायची. रोज. सहा आत, एक बाहेर. एकाच बसमधून आलेलो, त्याला दिसत नव्हतं? मी त्याचं काय घोडं मारलं होतं?

तो अजून तिथेच असला तर मी नाही जाणार. आईला सांगेन डोकं दुखतंय.

– खालची


वरचं टोक, १२ फेब्रुवारी

९.४०.

तो आता तिथे नाही. गेल्या वर्षी रिटायर झाला. सध्या इथे वरच्या टोकाला पाटी धरून उभा असतो.

तू शाळेचं नाव सांगितलंस त्या दिवसापासून मला माहीत आहे. मास्तर होता का विचारलंस तेव्हाच सांगायला हवं होतं. प्रश्नपत्रिका माझ्याच घरातल्या होत्या. दर वर्षी उरलेल्या घेऊन यायचो, पाठकोऱ्या असतात म्हणून.

तू आठवतेस. निळी पिशवी, पट्टा तुटलेला, गाठ मारलेली. बाकीची पोरं गयावया करायची. तू नुसती टक लावून बघायचीस. मला वाटायचं पोरगी माजोरी आहे, उशिरा येते ती येते आणि साधा शब्द टाकत नाही. मनात धरून बसलो होतो की ही एकदा 'काका' म्हणेल, मग उघडू. तू शब्द काढला नाहीस, मी कडी काढली नाही. एक दिवस तू दिसली नाहीस. वाटलं, आली ताळ्यावर, वेळेवर येत असेल. मग नाव कमी झालेलं कळलं. तेव्हाही वाटलं, लग्न ठरलं असेल, नाहीतर गाव सोडलं असेल.

अंडीवाल्याच्या दिवशी आपण पन्नास मिनिटं थांबलो. तेव्हा दोन वर्षं थांबलो होतो.

परीक्षेला जा. माझ्यावरचा राग तिथे काढू नकोस.

– वरचा


वरचं टोक, १७ फेब्रुवारी

११.१०.

पाच दिवस नुसता दांडा येतो. दांडा मिळतो. एवढंच कळवतो.

– वरचा


वरचं टोक, २४ फेब्रुवारी

२.३०.

आज तुझ्याकडून दांडा टँकरवाल्याने आणला. मी काही विचारलं नव्हतं, तोच म्हणाला की पोरगी पाइपवर बसून लिहीत असते, पत्र नाही, आकृत्या. बरं वाटलं.

शाळेच्या गेटवर आता तरणा माणूस आहे. वेळेला माझ्याहून कडक. त्याला मीच शिकवला आहे. हेही सांगायला हवं.

– वरचा


खालचं टोक, ३ मार्च

उद्या माझ्या जागी बुलडोझरवाल्याचा भाचा उभा राहणार आहे. त्याला पत्र पाठवू नका. त्याला वाचायचा कंटाळा आहे आणि तो सगळ्यांना सांगत सुटतो.

तुमच्या १२ तारखेच्या पत्रावर कडेला टँकरवाल्याने लिहिलं होतं, 'काका चुकले'. त्याच्याखाली दुसऱ्या कोणीतरी लिहिलं होतं, 'पण कबूल केलं'. आपल्यामध्ये अख्ख्या हायवेने बोलायचं कारण नव्हतं.

आकृत्या आता जमतात.

– खालची


खालचं टोक, ५ मार्च

काका,

हे पत्र दांड्याबरोबर नाही, खडीच्या डंपरवाल्याकडे देतेय, कारण आज वरून दांडा आला तो नव्या माणसाकडून. सुपरवायझर साहेबांनी तुम्हाला खडीच्या ढिगापाशी डंपर मोजायला बसवलंय असं कळलं. का बसवलं तेही कळलं. भाचा सगळ्यांना सांगत सुटतो म्हटलं होतं ना.

तो म्हणाला, काल सव्वानऊपासून वरून एक-एक मोटरसायकलवाला येत होता. हातात दांडा, मागे एकही गाडी नाही. दांडा आला की याने खालच्या गाड्या सोडायच्या, शेवटच्याकडे दांडा द्यायचा, तो वर पोचला की तुम्ही परत एका मोटरसायकलवाल्याला देऊन खाली पिटाळायचं. असं चार वेळा. सात मिनिटं तुमची असताना तुम्ही एक गाडी सोडत होता आणि बाकीच्यांना डोळे वटारून थांबवत होता. पाटी न सोडता, दांड्याचा नियम न मोडता. कोणता नियम मोडला ते साहेबांना दाखवता येईना, म्हणून ते जास्त चिडले म्हणे.

आमची बस कुठे थांबलीच नाही. कंडक्टर म्हणाला, आज काय, रस्ता झाला की काय? मी खिडकीशी होते. वरच्या टोकाला तुम्ही दिसलात. टोपी, घड्याळ, तेच. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत, मनगटाकडे बघत होता. मीही हात केला नाही. तेव्हा अजून राग होता.

आता राग का वाढला ते ऐका. तुम्ही तुमच्या बाजूच्या सगळ्या गाड्या थांबवून ठेवल्या. त्या कुठे जाणार? रांगेचं शेपूट गेलं पाण्याच्या टाकीच्या चौकापर्यंत. चौक तुंबला. गावात शिरायला जागा नाही. आमची बस टेकडीवरून वाऱ्यासारखी आली आणि तुमच्याच रांगेमुळे चौकात पंचवीस मिनिटं उभी राहिली. काका, पस्तीस वर्षं तुम्ही गेटाच्या आतून रस्ता बघितलात. रांगेला मागचं टोकही असतं.

दहा एकोणतीसला मी उतरले आणि पळाले. गेटशी पोचले तेव्हा बत्तीस झाले होते. कडी लागलेली. तुमचा तरणा माणूस आत उभा, मनगटाकडे बघत. चार-पाच जणी आधीच तिथे होत्या, दादा दादा करत होत्या. त्याने छोटं दार उघडलं, त्या एकेक करून आत गेल्या. मी सगळ्यात मागे. त्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने हात कडीवर ठेवला.

खरं सांगते, मी मागे वळले होते. परतीची बस समोर चौकातच अडकलेली होती, जाऊन बसायचं तेवढंच. मग काय झालं कळलं नाही. मी दोन पावलं पुढे गेले, पाय दारात ठेवला. आधी पाय, मग पाटी. पाटी तर नव्हती. मग बोलायलाच लागलं.

म्हटलं, "दादा, रस्त्याचं काम चालू आहे म्हणून उशीर झाला. ते काम मीच करते. उघडा."

आवाज जरा मोठाच निघाला. इतके दिवस वापरलेला नाही ना, अंदाज येत नाही. आतल्या सगळ्यांनी वळून बघितलं. पन्नास तोंडं. तो म्हणाला, तुम्ही करता म्हणजे? मी म्हटलं, खालच्या टोकाला पाटी धरते. तो म्हणाला, अहो मग अजून किती दिवस? मी रोज तासभर अडकतो. मी म्हटलं, दीड वर्ष, केबलवाले परत आले नाहीत तर. त्याने कपाळाला हात लावला आणि कडी काढली.

पेपर बरा गेला. दुसरी आकृती तुमच्या तिसऱ्या प्रश्नपत्रिकेतलीच होती.

कुलूप म्हणायचो ते मागे घेत नाही. तुम्ही होताच. आईला काल डोक्याचं खरं कारण सांगितलं. ती मशीन थांबवून म्हणाली, त्या माणसाला एकदा बघायचंय मला. काय बोलेल सांगता येत नाही, तयारीत राहा. तिला माझ्यासारखी अडचण नाही.

साहेबांना आज मी सांगितलं की नव्या माणसाला घड्याळ कळत नाही, तीन मिनिटांत पाटी फिरवतो, जुन्यांना परत आणा. त्यांना मी बोलले याचंच इतकं नवल वाटलं की काय बोलले ते त्यांनी ऐकलंच नाही. उद्या परत सांगेन.

पुढचा पेपर सोमवारी. एकही मोटरसायकल पाठवायची नाही. सात मिनिटं माझी, सात तुमची. उशीर झाला तर गेटपाशी काय ते मी बघते.

– खालची